चकचकीत करू नका!

[दृश्य: लिलावघर. हातोडा, फोनवर बसलेली माणसं.]

२६ ऑक्टोबर २०१७. न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावघरात एक जुनं रोलेक्स डेटोना घड्याळ पुकारलं जातं आणि फोनवरून बोली येते ती थेट एक कोटी डॉलरची! बाराएक मिनिटांत सौदा पक्का होतो. खरेदीदाराच्या शुल्कासकट किंमत १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर. ना सोनं, ना हिरे. पोलादी घड्याळ, तेही रोज चावी द्यावी लागणारं.

ते होतं हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याचं. त्याला मोटारींच्या शर्यतीचं वेड. बायकोनं, जोअ‍ॅन वुडवर्डनं, घड्याळाच्या पाठीवर कोरून घेतलं होतं, ‘गाडी जपून चालव. मी.’ कोण मी, हे नवऱ्याला सांगायला नको होतं. १९८४ मध्ये न्यूमननं मुलीच्या मित्राला वेळ विचारली. त्याच्याकडे घड्याळच नव्हतं. न्यूमननं हातातलं काढून देऊन टाकलं.

आता गंमत बघा. या घड्याळाची अशी डायल दुकानात आली तेव्हा कुणी फारसं विचारत नव्हतं. डायलीवरच्या लहान गोलांतले आकडे नखरेल, खुणांच्या टोकांना चौकोनी ठिपके. गिऱ्हाईक साधी डायल घेऊन जायचं. ही घड्याळं खपली नाहीत, म्हणून आज थोडीच उरलीत. पुढे संग्राहकांनी या डायलीला न्यूमनचंच नाव दिलं, भाव चढले, आणि मागोमाग नकली डायलीही आल्या.

[दृश्य: भिंगाखाली डायल.]

म्हणून जाणकार आधी डायल बघतो. आतलं यंत्र नंतर. सहाच्या खुणेखाली बारीक अक्षरांत ‘टी स्विस टी’ दिसतं का? टी म्हणजे ट्रिटियम, काटे अंधारात चमकावेत म्हणून लावलेलं. त्याचा जोर दर बारा वर्षांनी साधारण निम्मा होतो. तेव्हा साठच्या दशकातले काटे आज अंधारात लख्ख चमकत असतील, तर कुणीतरी नंतर नवा लेप लावलाय. मूळ लेप पिवळसर, सायीच्या रंगाचा होतो. काही काळ्या डायली उन्हानं तपकिरी पडतात, आणि त्यांना उलट जास्त पैसे मिळतात!

आपल्याकडचा हिशेब नेमका उलटा. फेवर ल्युबा ही स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आली, त्यामुळे तिची घड्याळं आजही घरोघरच्या कपाटांत सापडतात. डायल डागाळली की ती खरवडून नव्यानं रंगवायची, नाव पुन्हा छापायचं, हा इथला रीतसर धंदा. कंपनीनं कधी काढलेच नाहीत असे भगवे, पोपटी रंगही त्यात दिसतात. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकानं नव्हे. रंगवणाऱ्याचा हात वाईट असतो असं नाही. पण एकदा खरवडलेली डायल परत येत नाही.

[दृश्य: घड्याळजीचं टेबल.]

तेव्हा आजोबांचं घड्याळ दुरुस्तीला टाकताना स्पष्ट सांगा: तेलपाणी करा, डायलीला हात लावू नका, बाहेरच्या धातूच्या कवचाला, म्हणजे केसला, पॉलिश नको. आणि काटे, चावी, काच, जे काही बदललं असेल, ते जुने भाग पुडीत बांधून परत मागा.