सांगलीचा टॅटूवाला आणि सहा चक्रं

डावा हात बघा. उजव्या हातात निब आहे, ठिपके तिकडं पडतायत, पण डाव्या हाताचा अंगठा आणि बोट कॅनव्हास ताणून धरतायत. खरं तर गरजच नाही, कॅनव्हास आधीच फ्रेमवर ठोकलाय, पण इतकी वर्षं कातडी ताणल्याशिवाय सुई लावलीच नाही, हात ऐकणार कसा.

हे आमचे सांगलीचे दादा, धंदा टॅटूचा, पण आता कॅनव्हासवर चित्रंही काढतात, नाव खाली पट्टीवर येईलच. विश्रामबागला छोटं दुकान, भिंतीवर अजून जुनी डिझाईनं, त्रिशूळ, महादेव, महाराजांचं पोर्ट्रेट, आणि 'आई' किती गोंदलं ते तर विचारूच नका. मोडलेल्या प्रेमाच्या नावावर गरुड बसवून घ्यायला पण इथंच गर्दी.

टॅटूला हलक्यात घेणाऱ्यांनी हा क्लोजअप बघावा. सुई जेमतेम एक ते दोन मिलिमीटर आत जायला पाहिजे, शाई वरच राहिली तर खपलीबरोबर निघून जाते, जास्त खोल गेली की रेघ फुटून पसरते, आणि खोडरबर नावाचा प्रकार नाही. आर्ट कॉलेजवाल्यांनी एकदा जिवंत, हलणाऱ्या, ओय ओय करणाऱ्या कागदावर काढून दाखवावं.

तर एकदा एक गिऱ्हाईक आलं, पाठीच्या कण्यावर चक्रं (योगात सांगितलेली शरीरातली शक्तीची ठिकाणं, कमळासारखी काढतात) पाहिजेत म्हणून, डिझाईन नेटवरचं आणि सगळ्या कमळांना सारख्याच आठ पाकळ्या. दादांना ते खटकलं. शोधायला लागले तर प्रत्येक चक्राच्या पाकळ्या वेगळ्या, खालून वर मूलाधाराला 4, स्वाधिष्ठानाला 6, मणिपूरला 10, अनाहताला 12, विशुद्धाला 16 आणि आज्ञाचक्राला फक्त 2. वडील वारकरी, त्यांनी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्यायच पुढ्यात ठेवला. त्यात कुंडलिनी, म्हणजे कण्याच्या तळाशी झोपलेली शक्ती, कशी, तर कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू साडेतीन वेढे घालून, तोंड खाली करून झोपलंय. आता सांगा, सातशे वर्षांपूर्वी इतकं चित्र डोळ्यासमोर उभं करून ठेवलंय, चित्रकाराने फक्त रंग भरायचा!

त्या वर्णनावरून दादांनी काढलेला हा पहिला कॅनव्हास. वेढे मोजा, बरोबर साडेतीन. लाल रंगात एकही सलग रेघ नाही, सगळे ठिपके, टॅटूतलं डॉटवर्क जसंच्या तसं. पिवळ्यासाठी आधी हळद वापरून बघितली, सांगलीत आणि काय वापरणार, पण हळदीचा रंग उजेडात उडतो, म्हणून मग गपगुमान ॲक्रिलिक.

हा हरिपूरचा संगम, कृष्णा आणि वारणा (ड्रोनवाल्या पोराने जीव काढलाय या शॉटसाठी). नवीन चित्रातले ते दोन निळे पट्टे इथूनच उचललेत, दादा त्यांना इडा-पिंगळा म्हणतात, योगातल्या कण्याच्या दोन बाजूंच्या नाड्या.

चित्रं विकली जातात का, तर क्वचित. दुकानाचं भाडं अजून टॅटूच भरतो, श्रावणात महादेवाची रांग लागते तेव्हा ब्रश बाजूला ठेवावाच लागतो, आणि घरच्यांचं काय म्हणणं आहे ते वहिनींनी कॅमेऱ्यासमोर बोलायचं टाळलं.

समोरचा हा कोरा कॅनव्हास सहस्रारासाठी, म्हणजे या सहांच्या वरच्या, डोक्यावरच्या चक्रासाठी आहे. पाकळ्या हजार, ठिपके किती ते दादांनी अजून मोजलेले नाहीत.