मापाची खुर्ची

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका घराच्या पडवीत पाच वर्षांची एक मुलगी पुठ्ठ्याच्या खुर्चीत बसून पेज पीत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूच्या काही भागाला इजा झाली आणि त्यामुळे स्नायूंवर तिचा पुरता ताबा नाही. जमिनीवर बसवले की पाठीला बाक येतो, पाय ताठ होऊन एकमेकांवर चढतात, आणि दोन्ही हात केवळ तोल सावरण्यातच गुंतून राहतात. या खुर्चीत मात्र कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात राहतात, तळपाय पाटावर टेकतात, आणि मांड्यांच्या मधोमध बसवलेल्या गुंडाळीमुळे पाय एकमेकांपासून दूर राहतात. धड स्थिर झाले म्हणून हात मोकळे झाले, आणि हात मोकळे झाले म्हणून चमचा तिच्या स्वतःच्या मुठीत आला.

ही खुर्ची फ्रिजच्या खोक्यापासून बनलेली आहे. पन्हळी पुठ्ठ्याचे तुकडे मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवताना एका थरातल्या पन्हळी उभ्या, तर पुढच्या थरातल्या आडव्या ठेवतात. त्यामुळे पुठ्ठा कुठल्याच बाजूला सहज वाकत नाही. थरांवर वजन ठेवून ते दाबायचे, उन्हात पूर्ण वाळवायचे, कडांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि शेवटी ऑइलपेंटचे हात द्यायचे. कोकणात यातली वाळवण्याची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आत ओल राहिली आणि वरून रंग बसला, तर पावसाळ्यात पुठ्ठ्याला आतूनच बुरशी धरते. कागदापासून टिकाऊ वस्तू बनवण्याचे हे तंत्र गेल्या शतकात झिंबाब्वेमध्ये बेव्हिल पॅकर या शिक्षकाने विकसित केले आणि पुढे अपंग मुलांच्या साधनांसाठी ते अनेक देशांत वापरले गेले.

अशा खुर्चीचा मोठा गुण केवळ तिच्या कमी खर्चात नाही. मूल वाढते, आणि बैठकीची खोली, पाठीची उंची, पाटाचे अंतर ही सगळी मापे त्याच्याबरोबर बदलत जातात. महागडे साधन एकदा घेतले की ते पुरवून पुरवून वापरण्याकडे घरच्यांचा कल असतो, आणि मग मूल त्या साधनाच्या मापात कोंबले जाते. शिबिरात मिळालेल्या मोठ्या माणसाच्या चाकाच्या खुर्चीत उशा खुपसून बसवलेली मुले आजही दिसतात. पाय लोंबकळत राहतात, कंबर पुढे घसरते आणि पाठ एका बाजूला कलते. वाढत्या वयातल्या मुलाचे साधन बदलणे पालकांना परवडले पाहिजे, म्हणूनच ते स्वस्त असले पाहिजे.

जेवणाच्या ताटाजवळ तर ही साधने घरातल्याच वस्तूंतून उभी राहतात. चमच्याच्या दांड्यावर सायकलची रबरी मूठ चढवली की सैल पकडीतही तो निसटत नाही. ताटलीखाली ओले फडके ठेवले की ती सरकत नाही. पेल्याचे काम मात्र थोडे बारकाईचे आहे. मऊ प्लॅस्टिकच्या पेल्याच्या नाकाकडच्या कडेला अर्धगोल खाच कापायची, कापलेली कड पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करायची, आणि मुलाने समोरच्या अखंड कडेने प्यायचे. खाच असल्यामुळे पेला कलला तरी नाकाला अडत नाही, आणि शेवटच्या घोटासाठी मान मागे टाकावी लागत नाही. मान मागे गेली की पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. खाताना मुलाला वारंवार ठसका लागत असेल, तर घरगुती उपायांवर न थांबता तज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

खेळण्यांच्या बाबतीत एक कसोटी पुरते, आणि ती म्हणजे खेळण्यात मुलाने स्वतः काही केल्यामुळे काही घडते का, हे पाहणे. मोज्यावर पक्के शिवलेले घुंगरू पाय हलवताच वाजते, आणि दोरीने टेबलाला बांधलेला चेंडू पडला तरी ओढून परत आणता येतो. सेलवर चालणारी बाजारातली मोटारही बदलून घेता येते. दोन्ही बाजूंना तांब्याचा पत्रा आणि मध्ये वीज न वाहणारा थर असलेली पातळ चकती सेल आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये सरकवायची, दोन्ही पत्र्यांच्या तारा बाहेर काढून एका मोठ्या बटणाला जोडायच्या, आणि मोटारीचे मूळ बटण चालूच ठेवायचे. ते मोठे बटणही घरी बनते. दोन पुठ्ठ्यांवर समोरासमोर ॲल्युमिनियमचा कागद लावून त्यांच्यामध्ये मधोमध भोक असलेला स्पंज ठेवला, की हाताच्या, कोपराच्या किंवा हनुवटीच्या दाबाने दोन्ही कागद टेकतात आणि मोटार धावू लागते. हे फक्त सेलच्या खेळण्यांसाठी आहे; घरातल्या विजेशी त्याचा संबंध येता कामा नये.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात काम केलेले, 2018 मध्ये पद्मश्री मिळालेले अरविंद गुप्ता यांनी दाखवलेली एक पाटी इथे आवर्जून सांगायला हवी. फिल्मच्या रिकाम्या डबीत लोकर गुंडाळून केलेल्या पेनाने वेल्क्रोच्या पाटीवर रेघ ओढली की लोकर तिथेच चिकटते, आणि अंध मुलाला आपण काढलेली रेघ बोटांनी पाहता येते. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळेही अशा मुलांच्या हाती द्यावीत, मात्र लाकडी आंब्याशेजारी खरा आंबाही ठेवावा, कारण लाकडाला ना आंब्याचा वास असतो ना त्याचा मऊपणा.

पांगुळगाडा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि आधाराने उभ्या राहणाऱ्या मुलाला तो उपयोगी पडतो. गाडा उलटू नये म्हणून त्यावर वजन बांधावे लागते. मात्र पाय ताठ होणाऱ्या मुलाला तो द्यायचा की नाही, हे थेरपिस्टला विचारूनच ठरवावे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची, म्हणजे मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार सुरू करणाऱ्या केंद्रांची, तरतूद आहे आणि तिथल्या तपासण्या व उपचार विनामूल्य आहेत. घरी साधन बनवण्याआधी त्याची मापे तिथे तपासून घ्यावीत.

वापरून झालेली खुर्ची दुसऱ्या मुलाला देण्याची पद्धत चांगली आहे, मात्र ती देताना नव्या मुलाला त्यात बसवून मागून, बाजूने आणि समोरून पाहावे. टाच पाटाला टेकत नसेल तर पाटावर पुठ्ठ्याचा आणखी एक थर चढवावा, आणि गुडघ्यामागे दोन बोटे जाण्याइतकी जागा उरत नसेल तर त्या मुलासाठी नवी खुर्ची करायला घ्यावी.