दही, दाणे आणि लिव्हर

नमस्कार श्रोतेहो. नागपूरचा मे महिना, म्हणजे सकाळी विरजलेलं दूध दुपारी आंबटढाण! या दह्यातल्या जिवाणूंचा लिव्हरच्या कॅन्सरशी काय संबंध, एवढंच आज बोलू.

लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं. आतड्यातल्या भानगडी आधी लिव्हरच्याच पदरात!

याचा एक झकास किस्सा आहे, चीनमधल्या ग्वांगझूचा. तिकडे हा कॅन्सर फार. एक कारण हेपॅटायटिस बी, दुसरं दाण्यामक्यावरच्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. संशोधकांनी ९० धडधाकट तरुण घेतले. काहींना दोन जातींच्या जिवाणूंच्या कॅप्सूल, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण बिनजिवाणूंच्या. दिवसातून दोनदा, पाच आठवडे. आणि तपासलं काय? लघवी! हे विष लिव्हरच्या पेशीतल्या डीएनएला चिकटतं आणि त्याचा तुटलेला तुकडा लघवीत उतरतो. पाचव्या आठवड्यात जिवाणूवाल्यांच्या लघवीत तो तुकडा ५५ टक्क्यांनी कमी! २००६ साली हे छापून आलं. काचेच्या नळीत बघितलं, तर हे जिवाणू विषाला अंगाशी चिकटवून धरतात. मग ते रक्तात शिरणार कसं?

पण ती मुलं निरोगी होती. विष कमी शिरलं, गाठ विरघळली नाही. पुन्हा सांगतो, गाठ विरघळली नाही.

जाता जाता, इतवारीतून दाणे आणले की सुरकुतलेले, काळपट, बुरसटलेले निवडून फेका. भाजून हे विष पुरतं जात नाही. खवट दाण्यांची लसूण-तिखट घालून चटणी करणाऱ्यांना तर मी नमस्कारच करतो.

आता पेशंटचं. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर निबर होऊन आक्रसलेलं असेल आणि बद्धकोष्ठ झालं, तर अमोनिया वाढून माणूस बरळतो. तिथे मुख्य औषध लॅक्टुलोज, दिवसाला दोन-तीनदा मऊ शौच होईल इतकं. प्रोबायोटिक, म्हणजे असल्या उपयोगी जिवाणूंच्या कॅप्सूल, त्याच्या जोडीला चालेल, त्याच्या जागी नाही. पोटात पाणी असेल तर ताकात मीठ नको आणि दहीभातावर तळलेली सांडगी मिरचीही नको, मिठाचा साठाच तो.

पांढऱ्या पेशी घटल्या असतील, छातीत सलाइनची कायमची नळी असेल किंवा इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारा उपचार, चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊ नका. हेच जिवाणू क्वचित रक्तात शिरतात. थंडी वाजून ताप आला, तर स्ट्रिप खिशात घालूनच दवाखाना गाठा. आत कोणते जिवाणू आहेत, ते तिच्यावरच छापलेलं असतं.