घर फुटलं तो हंगाम

(दृश्य: कापणी झालेल्या गव्हाच्या टेकड्या, त्यांच्यामध्ये स्टेडियम)

हे पुलमन. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाचं छोटंसं विद्यापीठाचं गाव. 23 सप्टेंबर 2023. आज इथं वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट या विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना आहे. दोन्ही संघ देशातल्या पहिल्या पंचवीसांत. आणि पुढच्या वर्षी आपल्या कॉन्फरन्समध्ये आपण दोघंच उरणार, हे दोघांनाही ठाऊक आहे.

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये कॉन्फरन्स म्हणजे ठरलेल्या विद्यापीठांचा गट. वर्षानुवर्षं आपसांत खेळायचं, टीव्हीचा पैसा वाटून घ्यायचा. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-12 या गटाचं मूळ 1915 सालचं.

घर फुटलं ते टीव्हीच्या करारावरून. जून 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या शहराचा प्रेक्षक गेल्यावर उरलेल्यांच्या मनासारखा करार काही जमेना. जुलै 2023 मध्ये कोलोरॅडोनं वाट धरली. 4 ऑगस्टला एकाच दिवशी पाच जण. त्यांतली वॉशिंग्टन आणि ऑरेगन (‘स्टेट’वाल्यांहून वेगळी विद्यापीठं) बिग टेनकडे निघाली. मग स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया. पॅसिफिकच्या बाजूची ही दोन विद्यापीठं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. फुटबॉलपायी झालेल्या या वाटणीत व्हॉलीबॉलच्या मुलीही ओढल्या गेल्या. लॉस एंजेलिसहून पार न्यू जर्सीपर्यंत सामन्याला जायचं आणि परत येऊन वर्गात बसायचं. त्यांचा विचार कुणी केला होता?

(दृश्य: सिअ‍ॅटल, तळ्याकाठचं वॉशिंग्टन विद्यापीठाचं हस्की स्टेडियम)

आणि नेमका हाच हंगाम असा रंगला की बघत राहावं.

14 ऑक्टोबर. वॉशिंग्टन 36, ऑरेगन 33. शेवटच्या क्षणी ऑरेगनची 43 यार्डांवरून मारलेली किक बाहेर गेली, आणि प्रेक्षक मैदानात उतरले. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, मायकल पेनिक्स आणि ऑरेगनचा बो निक्स, दोघंही त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणले गेले. 1 डिसेंबरला लास व्हेगासमध्ये दोन्ही संघ विजेतेपदासाठी पुन्हा भिडले. वॉशिंग्टन 34, ऑरेगन 31. पुन्हा तीनच गुण.

त्याच्या सहाच दिवस आधी अ‍ॅपल कप झाला होता. वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, एकाच राज्यातले दोन भाऊबंद. एक निघालेला, एक मागे राहिलेला. 21-21 अशी बरोबरी. मिनिटभराचा खेळ उरलेला. दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला चौथा, शेवटचा प्रयत्न, एक यार्ड हवा, आणि तोही स्वतःच्याच अर्ध्या भागात. इथं चेंडू लांब लाथाडून मोकळं व्हायचं, हा रिवाज. वॉशिंग्टननं तो रोम ओडुन्झेच्या हाती दिला. तो 23 यार्ड धावला. मग ग्रेडी ग्रॉसची 42 यार्डांची किक, आणि वेळ संपली. 24-21. ग्रॉस तोवर शिष्यवृत्तीविना खेळत होता. ती त्याला सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये मिळाली.

वॉशिंग्टननं टेक्ससला हरवून राष्ट्रीय अंतिम सामना गाठला. 8 जानेवारी 2024 ला ह्यूस्टनमध्ये मिशिगननं त्यांना 34-13 असं हरवलं. मिशिगन बिग टेनचं, म्हणजे ज्या घरात वॉशिंग्टन राहायला निघालं होतं, त्याच घरातलं.

(दृश्य: पुन्हा पुलमन, संध्याकाळचं ऊन)

सप्टेंबरातला तो सामना वॉशिंग्टन स्टेटनं 38-35 असा जिंकला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये हेच दोघं ऑरेगन स्टेटच्या गावी, कॉर्व्हॅलिसला भेटले. कॉन्फरन्समध्ये आता दुसरं कुणीच नव्हतं. ऑरेगन स्टेट 41, वॉशिंग्टन स्टेट 38.