लॉ स्कूलच्या क्लिनिकमध्ये नाव नोंदवण्यापूर्वी

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी पहिले वर्ष संपत आले की एकमेकांना विचारू लागतात, की पुढे क्लिनिक घ्यायचे का, आणि घ्यायचे असेल तर आधी काय वाचून ठेवावे. या प्रश्नाचा दुसरा भाग मला नेहमीच जरा भरकटलेला वाटतो. क्लिनिकला लागणारा कायदा तेथे गेल्यावर शिकवला जातो, आणि समोर प्रकरण असल्यामुळे तो वर्गातल्यापेक्षा अधिक लक्षातही राहतो. परंतु दुसऱ्याचे काम अंगावर घेण्यासाठी लागणारा मोकळा वेळ, कागद नीट वाचण्याची सवय आणि ऐकलेले पोटात ठेवण्याची शिस्त या गोष्टी सत्र सुरू झाल्यावर घाईघाईने जमवता येत नाहीत. म्हणून आज मी पुस्तकांविषयी फारसे बोलणार नाही.

क्लिनिक म्हणजे लॉ स्कूलनेच चालवलेले एक छोटे वकिली कार्यालय. येथे येणारे अशील खरे असतात, त्यांपैकी बहुतेकांना वकिलाची फी परवडणारी नसते, आणि त्यांचे काम विद्यार्थी पाहतात; प्राध्यापक स्वतः परवानाधारक वकील असतात आणि प्रत्येक पावलावर त्यांची देखरेख असते. अभिरूप न्यायालयात, म्हणजे सरावाच्या मूट कोर्टात, हरलो तर गुण जातात, येथे हरलो तर कोणाचे तरी घर जाऊ शकते. बाहेरच्या कार्यालयात किंवा न्यायाधीशांच्या हाताखाली जाऊन केलेली उमेदवारी ही क्लिनिकहून वेगळी, कारण तेथे प्रकरण त्या कार्यालयाचे असते. क्लिनिकमध्ये ते तुमचे असते.

शब्द अर्थातच वैद्यकातून आलेला आहे. डॉक्टर होणारा विद्यार्थी रुग्णाच्या खाटेशी उभा राहून शिकतो, मग वकील होणारा केवळ वरिष्ठ न्यायालयांचे निकाल वाचून कसा तयार होईल, हा मुद्दा अमेरिकन कायदेपंडित जेरोम फ्रँक यांनी १९३३ मध्ये जोराने मांडला होता. त्याआधी, १९१३ मध्येच, हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी आपले विधी साहाय्य केंद्र सुरू केले होते. तरीही ही कल्पना खऱ्या अर्थाने पसरली ती १९६८ नंतर, फोर्ड फाउंडेशनने लॉ स्कूलांना यासाठी पैसा पुरवायला सुरुवात केल्यावर. १९६९ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने विद्यार्थ्यांना देखरेखीखाली न्यायालयात उभे राहू देणारा आदर्श नियम तयार केला आणि राज्याराज्यांनी त्याच्या आधारे आपापले नियम केले. आज त्याच संस्थेच्या मानकांनुसार जे.डी. या वकिलीच्या मूळ पदवीसाठी किमान ६ क्रेडिटचे अनुभवाधारित शिक्षण सक्तीचे आहे. क्लिनिक हा ती अट पुरी करण्याचा एक मार्ग आहे. मात्र निव्वळ अट पुरी करायची असेल, तर कमी त्रासाचे मार्ग उपलब्ध आहेत, हेही सांगून टाकतो.

आता वेळेचा हिशेब. मानकांनुसार एका क्रेडिटमागे सत्रभरात सुमारे साडेबेचाळीस तासांचे काम धरले जाते. म्हणजे ४ क्रेडिटचे क्लिनिक सुमारे १७० तासांचे झाले, आणि १४ आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला १२ तासांवर येते. कागदावर हे १२ तास सहज मावतात. प्रत्यक्षात एका आठवड्यात ४ तास लागतात आणि पुढच्या आठवड्यात २५, कारण सुनावणीची तारीख न्यायालय ठरवते आणि ती ठरवताना तुमची परीक्षा कधी आहे हे कोणी विचारत नाही. ज्याच्या वेळापत्रकात मूट कोर्टची स्पर्धा, विधी नियतकालिकाचे संपादन आणि अर्धवेळ नोकरी आधीच बसलेली आहे, त्याने त्यांपैकी किमान एक गोष्ट सोडल्याशिवाय अर्ज भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कामाच्या दिवसांतला एखादा सबंध दुपारचा वेळ वर्गांपासून मोकळा ठेवता आला तर फार उपयोग होतो. कचेऱ्यांचे फोन रात्री ११ वाजता कोणी उचलत नाही.

अर्जाची प्रक्रिया शाळेगणिक वेगळी असते. कोठे आवड सांगणारे छोटे निवेदन आणि मुलाखत असते, तर कोठे सरळ चिठ्ठ्या टाकल्या जातात. एका प्राध्यापकाला मोजक्याच विद्यार्थ्यांवर नीट लक्ष ठेवता येत असल्यामुळे जागा थोड्या असतात. निवेदनात समाजसेवेची तळमळ व्यक्त करणारे परिच्छेद बहुतेक सगळेच लिहितात. त्यापेक्षा तुम्ही एखादे किचकट काम शेवटपर्यंत कसे नेले, हे चार ओळींत लिहिलेले अधिक वजनदार ठरते. पूर्वअटी मात्र वर्षभर आधी पाहाव्या लागतात. न्यायालयात उभे राहण्याच्या क्लिनिकला पुराव्याचा कायदा आधी झालेला असावा, अशी अट अनेक ठिकाणी असते, आणि काही ठिकाणी व्यावसायिक नीतीचा विषयही लागतो. विद्यार्थी-वकिलीचे, म्हणजे विद्यार्थी असतानाच देखरेखीखाली न्यायालयात उभे राहू देणारे, प्रमाणपत्र ही आणखी निराळी गोष्ट आहे. १९६९ च्या आदर्श नियमात चार सत्रांचा अभ्यास, अधिष्ठात्यांचा दाखला, अशिलाची लेखी संमती आणि अशिलाकडून मोबदला न घेण्याची अट होती. राज्यांनी यांत आपापले फरक केले आहेत, आणि काहींनी सत्रांची अट कमीही केली आहे. एल.एल.एम.च्या विद्यार्थ्यांनी आपल्याला हे प्रमाणपत्र मिळू शकते का, एवढा एक प्रश्न प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावा, म्हणजे पुढची निराशा टळते.

एक बाब विद्यार्थी हटकून विसरतात, ती म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष. उन्हाळ्यात सरकारी अभियोक्त्यांच्या कार्यालयात उमेदवारी केली आणि पुढच्या सत्रात फौजदारी बचावाच्या क्लिनिकमध्ये नाव घातले, तर तेथे हाताळलेल्या प्रकरणांपासून येथे दूर राहावे लागते, आणि कधीकधी प्रवेशच अडतो. यासाठी आजवर कोठे काम केले, कोणकोणत्या प्रकरणांत हात घातला आणि कोणाच्या बाजूने, याची नोंद स्वतःपाशी ठेवलेली बरी. त्या नोंदीत त्या प्रकरणांतली गोपनीय माहिती उतरवू नये, हे ओघाने आलेच.

मी स्वतः करविषयक क्लिनिकमध्ये होतो. अल्प उत्पन्नाच्या करदात्यांसाठी अशी क्लिनिके चालतात, आणि १९९८ पासून त्यांना केंद्र सरकारचे अनुदान मिळण्याची तरतूद आहे. माझ्या पहिल्याच भेटीत एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. त्यांतली निम्मी पाकिटे फोडलेलीही नव्हती. त्यांत कर कमी भरल्याची औपचारिक नोटीस होती. अशा नोटिशीविरुद्ध कर न्यायालयात जाण्यासाठी ९० दिवस मिळतात, हे मला तोंडपाठ होते. मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारले, "हे पत्र तुम्हाला कधी मिळालं?" त्या म्हणाल्या, गेल्या आठवड्यात, जुन्या घरमालकाने आणून दिले. मी वहीत तारीख लिहिली, ९० दिवस मोजले आणि भरपूर अवधी आहे असे समजून पुढच्या प्रश्नाकडे वळलो. शेजारी बसलेल्या प्राध्यापिका काही बोलल्या नाहीत. त्यांनी नोटीस माझ्यासमोर सरकवली आणि पहिल्या पानावरच्या तारखेवर पेन्सिलीचे टोक टेकवले. ते पत्र सात आठवड्यांपूर्वी जुन्या पत्त्यावर टपालात पडले होते. मुदत पत्र हाती आल्यापासून धरत नाहीत, ते रवाना झाल्यापासून धरतात, आणि करखात्याकडे असलेल्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवलेली नोटीस सहसा वैध ठरते. आमच्या हाती ४१ दिवस उरले होते. अर्ज दाखल करण्याची शेवटची तारीख तर त्याच पानावर छापलेली होती. मी ती वाचलीच नव्हती, कारण कलम मला पाठ होते.

त्या दिवसापासून मी कोणतेही पत्र पाकिटापासून वाचायला लागलो: टपालाचा शिक्का, पत्ता, तारीख, मग मजकूर, आणि मागची बाजू. ही सवय घरबसल्या लावता येते. आपल्याच घरात आलेली विम्याची, बँकेची, भाडेकराराची पत्रे घ्यावीत आणि प्रत्येकात कोणती मुदत दडलेली आहे, ती कोणत्या दिवसापासून धरायची आणि ती चुकली तर काय होते, हे शोधून एका कागदावर लिहावे. निबंधवजा उत्तरे लिहिण्यात तरबेज असलेले विद्यार्थीही येथे अडखळतात.

अशिलाशी बोलणे हा दुसरा कठीण भाग. छापील प्रश्नावली समोर ठेवून एकामागून एक प्रश्न विचारले, की माणूस तेवढ्यापुरतीच उत्तरे देतो आणि जे सांगायला आला ते मनातच ठेवून निघून जातो. पहिली काही मिनिटे त्याला त्याच्या क्रमाने सांगू द्यावे. तारखा नंतर लावता येतात. अशील ठरलेल्या वेळी आला नाही, तर त्याला प्रकरणाची पर्वा नाही असा निष्कर्ष तरुण मंडळी लगेच काढतात. स्यू ब्रायंट आणि जीन को पीटर्स या दोन प्राध्यापिकांनी यावर एक चांगला उपाय सुचवला आहे, तो असा की त्या वागण्याची निरनिराळी संभाव्य कारणे मनाशी मांडून पाहावीत. कामाची पाळी बदलली असेल, मूल आजारी पडले असेल, आपण पाठवलेले पत्र त्याला वाचताच आले नसेल. कारण काय हे त्यामुळे कळत नाही, पण पुढचा फोन रागाने केला जात नाही.

अर्जात येणाऱ्या भाषांचा रकाना असतो. तेथे घरात बोलण्यापुरती येणारी भाषा "उत्तम" म्हणून लिहू नये. स्वयंपाकघरातले बोलणे वेगळे आणि प्रतिज्ञापत्राचा मजकूर वेगळा. दुभाष्यामार्फत बोलताना नजर अशिलाकडे ठेवावी, वाक्ये आखूड ठेवावीत आणि "त्यांना विचारा की" असे न म्हणता थेट "तुम्ही" म्हणून बोलावे. हे दोन मित्रांना समोर बसवून आधी करून पाहिले, तर पहिल्या भेटीतली धांदल बरीच कमी होते.

गोपनीयतेविषयी सर्वांना नियम ठाऊक असतो, परंतु तो मोडला जातो तो उपाहारगृहात. नाव न घेता प्रकरण सांगितले तर चालते, असा समज आहे. लहान गावात किंवा लहान समाजात तपशिलावरून माणूस सहज ओळखू येतो. खोलीतल्या सोबत्यालाही "आज क्लिनिकमध्ये काय झालं" याचे उत्तर न देण्याची तयारी असावी लागते. हे वाटते त्यापेक्षा अवघड असते, कारण ऐकलेले काही प्रसंग रात्री झोपू देत नाहीत. आश्रय मागणाऱ्यांच्या क्लिनिकमध्ये छळाच्या हकिगती ऐकाव्या लागतात, शिवाय देशात आल्यापासून सामान्यतः एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असल्यामुळे घड्याळही मागे लागलेले असते. आपल्याच घरी तशी घटना घडून गेली असेल, तर ते क्लिनिक निवडण्यापूर्वी शांतपणे विचार करावा, आणि मन मोकळे करण्यासाठी देखरेख करणारे प्राध्यापक असतात हे लक्षात ठेवावे. त्यांच्याशी बोलल्याने गोपनीयता मोडत नाही. नगरपालिकेचे परवाने, छोट्या संस्थांची नोंदणी, करारमदार अशी शांत कामे करणारी क्लिनिकेही असतात, आणि त्यांत शिकायला कमी मिळते हा निव्वळ गैरसमज आहे.

शेवटी फाइल. सत्र संपते, प्रकरण संपत नाही, आणि तुमचे अशील पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक फोनची नोंद अशी लिहावी, की तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाला ती वाचून त्याच दुपारी काम पुढे नेता यावे: तारीख, कोण बोलले, काय ठरले, पुढची मुदत कोणती. मला मिळालेल्या एका फाइलमध्ये आधीच्या विद्यार्थ्याने फक्त "बोलणे झाले, नंतर पाहू" एवढेच लिहून ठेवले होते. काय बोलणे झाले हे विचारायला मी त्या अशिलांना फोन केला, तेव्हा त्यांनी सगळी हकिगत पहिल्यापासून पुन्हा सांगितली, तिसऱ्यांदा.

नमस्कार.