पलीकडच्या गल्लीतली घरपट्टी

१९८९ची सुरुवात. लॉस एंजेलिसमधलं बाल्डविन हिल्स. एका साध्या घरात काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाची, नोटीस येऊन पडते. वर्षाची घरपट्टी १,७०१ डॉलर.

घर स्टेफनी नॉर्डलिंगर यांचं. पेशाने वकील. इतकी वर्षं भाड्याने राहिल्या आणि नुकतंच, नोव्हेंबर १९८८मध्ये, १ लाख ७० हजार डॉलर मोजून हे घर घेतलं.

पलीकडच्या गल्लीत अगदी तेवढंच घर आहे, जागा थोडी जास्तच. त्याची घरपट्टी? ३५८ डॉलर २० सेंट.

हा फरक १९७८पासूनचा. घरपट्टी भरता भरता घर विकायची पाळी येईल, या भीतीने कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ हा घरपट्टीला लगाम घालणारा प्रस्ताव थेट मतदानाने मंजूर केला. ती भीती खोटी नव्हती. कर ठरवताना घराची किंमत धरायची ती जुन्या मालकांसाठी १९७५ची, नंतर घेणाऱ्यांसाठी खरेदीच्या वेळची. कर तिच्या १ टक्का आणि किमतीत वर्षाला फार तर २ टक्के वाढ. मालक बदलला की मात्र चालू बाजारभाव. दुकानं, कारखाने, कचेऱ्या, सगळ्यांना हाच नियम.

म्हणून या नियमाविरुद्ध वरच्या कोर्टापर्यंत आधी पोहोचली ती मेसीज ही बडी दुकानदार कंपनी. १९९१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची याचिका दाखलही करून घेतली. पण गिऱ्हाइकांनी बहिष्काराची धमकी दिली आणि कंपनीने माघार घेतली.

नॉर्डलिंगर मागे हटल्या नाहीत. करखटल्याचा शिरस्ता असा, की आधी भरा, मग भांडा. त्यांनी परतावा मागितला, दावा लावला, खालच्या कोर्टांत हरल्या आणि वॉशिंग्टनला, त्याच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. मालिबूच्या किनाऱ्यावरच्या २१ लाख डॉलरच्या घराचा जुना मालक जेमतेम त्यांच्याइतकाच कर भरतो, हेही न्यायमूर्तींसमोर आलं.

१८ जून १९९२. निकाल आठ विरुद्ध एक, नॉर्डलिंगर यांच्या विरोधात. बहुमताचं म्हणणं असं: नवा मालक कर किती पडेल हे पाहूनच घर घेतो, जुन्याला ती सोय नसते. न्यायमूर्ती स्टीव्हन्स एकटे असहमत. मला विचाराल तर त्यांचंच म्हणणं पटतं: शेजारी आधी आला, एवढ्यावर त्याला पाचपट सवलत कशी?

२०२०मध्ये निदान मोठ्या व्यापारी मालमत्तांना तरी बाजारभावाने कर लावावा, असा प्रस्ताव मतदारांपुढे आला. सुमारे ५२ टक्क्यांनी तो नाकारला.