सुटलेला झेल कसा वाचायचा

मंडळी, नमस्कार. आयोजकांनी मला विषय दिला होता, 'व्यावसायिक संघ नवा खेळाडू पारखतो कसा'. एवढा पसारा तासाभरात आवरणार नाही, म्हणून मी तो एका जागेपुरता आणि एका संघापुरता घेतो. खेळ अमेरिकन फुटबॉल, जागा वाइड रिसीव्हरची, म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्याची, आणि संघ ग्रीन बे पॅकर्स. 2022 आणि 2023 या दोन मोसमांत या संघाने रिसीव्हरांची फळी जवळपास नव्याने उभी केली आणि ती पारख सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत झाली. शिवाय हा संघ कुणा एका धनाढ्याच्या मालकीचा नाही. त्याचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत आणि गाव जेमतेम लाखभर वस्तीचं. त्यामुळे कुठला पोरगा ठेवावा आणि कुठला घालवावा याबद्दल तिथे ज्याला विचाराल त्याचं मत तयार असतं, आणि ते ठाम असतं.

आधी काम काय ते समजून घेऊ. प्रेक्षकाला रिसीव्हर दिसतो तो झेल घेताना. त्याआधीचं बघा. डाव जिथून सुरू होतो त्या रेषेवर तो उभा असतो आणि पुष्कळदा समोर हातभर अंतरावर कॉर्नरबॅक, म्हणजे त्याला रोखणारा बचावपटू असतो. एनएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या नियमाप्रमाणे पहिल्या पाच यार्डांत कॉर्नरबॅक त्याला हाताने अडवू शकतो, ढकलू शकतो. त्यापुढे तसं केलं तर दंड. म्हणजे सुरुवातीलाच निसटावं लागतं. कबड्डीत चढाईला गेलेला गडी कमरेतून एक बाजू दाखवतो आणि दुसरीकडून गुण घेऊन येतो, तशी ही हुलकावणी. निसटलात, की ठरलेल्या वाटेने धावायचं. या वाटेला रूट म्हणतात. बारा यार्डांवर वळायचं ठरलं असेल तर साडेदहावर वळून चालत नाही, कारण क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने बऱ्याचदा रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू सोडलेला असतो. त्यातही समोरच्या संघाने माणसामागे माणूस लावलाय की प्रत्येकाला मैदानाचा तुकडा वाटून दिलाय, हे धावता धावता ओळखायचं आणि गरज पडली तर रूट बदलायचा. तोच बदल त्याच क्षणी क्वार्टरबॅकच्याही डोक्यात आला पाहिजे. हे सगळं अडीच-तीन सेकंदांत. झेल त्यानंतर.

आता 2022 कडे येऊ. त्या मार्चमध्ये पॅकर्सनी दावांते अॅडम्स हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर लास व्हेगस रेडर्सना दिला आणि बदल्यात ड्राफ्टमधली, म्हणजे संघ पाळीपाळीने विद्यापीठांतले नवे खेळाडू निवडतात त्यातली, पहिल्या व दुसऱ्या फेरीची निवड घेतली. दुसऱ्या फेरीतली ती 53 वी निवड आणि स्वतःची 59 वी, अशा दोन्ही मिनेसोटा व्हायकिंग्जना देऊन त्यांनी 34 वी निवड मिळवली आणि तिच्यावर ख्रिस्तियन वॉटसनला घेतलं. नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाचा मुलगा. उंची सहा फूट चार इंच आणि 40 यार्डांची धाव 4.36 सेकंदांत. एवढ्या उंचीला असा वेग क्वचित सापडतो. चौथ्या फेरीत नेव्हाडा विद्यापीठाचा रोमिओ डब्स घेतला. चेंडू फेकायला आरन रॉजर्स, ज्याने त्याआधीची लागोपाठ दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब मिळवला होता. ऑगस्टच्या सराव शिबिरातच त्याने पत्रकारांसमोर नव्या पोरांना सुनावलं: झेल सुटताहेत, रूट चुकताहेत, सातत्य नाही.

आणि मग 11 सप्टेंबर. मोसमातला पहिला सामना मिनियापोलिसला, म्हणजे ज्यांच्याशी देवघेव करून वॉटसनला आणलं त्याच व्हायकिंग्जच्या मैदानावर. पॅकर्सच्या आक्रमणाचा अगदी पहिला डाव. चेंडू त्यांच्या 25 यार्डांच्या रेषेवर. वॉटसनसमोर पॅट्रिक पीटरसन, आठ वेळा प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला निवडला गेलेला मुरलेला कॉर्नरबॅक. वॉटसन त्याच्या बाजूने सुटला आणि त्याला मागे टाकून गेला. रॉजर्सने लांब चेंडू टाकला. पुढे कुणी नव्हतं. चेंडू हातांत आला आणि निसटला. 75 यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याची संधी गेली. सामना पॅकर्स 23-7 ने हरले आणि दुसऱ्या दिवशी बोलणं झालं ते त्या एका झेलाचं.

आकड्यांच्या तक्त्यात त्या डावाची नोंद 'पास अपूर्ण' एवढीच. पण फिल्म कोचच्या खोलीत लावा आणि शेवटचं अर्धं सेकंद झाकून ठेवा. काय दिसतं? पहिलाच सामना, समोर दिग्गज, आणि पोरगा सुरुवातीला अडखळत नाही. वेग घड्याळावर होता तसा मैदानावरही आहे. क्वार्टरबॅकशी वेळ जुळली आहे. एवढं सगळं जमलं म्हणून तर चेंडू हातून सुटायची वेळ आली! ज्या रिसीव्हरला मोकळं होताच येत नाही त्याच्या हातून झेलही सुटत नाहीत, कारण त्याच्याकडे चेंडूच फेकला जात नाही. तक्त्यात तो निष्कलंक राहतो. म्हणून नव्या पोराच्या सुटलेल्या झेलांची यादी कुणी पुढे केली, की मी आधी विचारतो, त्या प्रत्येक वेळी बचाव करणारा कुठे होता?

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. वॉटसनच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला, तो आत-बाहेर करत राहिला आणि 13 नोव्हेंबरला डॅलस काउबॉईजविरुद्ध त्याने चार झेल घेतले, त्यांतले तीन टचडाउन. पहिला 58 यार्डांचा, दुसरा 39 यार्डांचा. पॅकर्स जादा वेळेत 31-28 ने जिंकले. त्या सामन्यापासून चार सामन्यांत त्याचे आठ टचडाउन झाले, त्यांतला एक चेंडू घेऊन धावत केलेला. सप्टेंबरात ज्यांनी त्याला मोडीत काढलं होतं तेच आता त्याच्या नावाच्या जर्सी घेत होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग; दोन्ही वेळेला.

खुद्द अॅडम्सचंच बघा ना. 2014 मध्ये पॅकर्सनी त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं, योगायोगाने 53 व्याच क्रमांकावर. पहिल्या वर्षी 38 झेल, ठीकठाक. 2015 मध्ये सरावाच्या सामन्यातच जॉर्डी नेल्सन या संघाच्या मुख्य रिसीव्हरच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि अॅडम्सवर एकदम मोठा भार आला. त्याचा घोटा मुरगळलेला, झेल सुटताहेत. वर्षाखेर हिशेब: 50 झेल, त्यांतून संघ पुढे सरकला ते 483 यार्ड, एक टचडाउन. झेलामागे दहा यार्डसुद्धा नाहीत. त्याला काढून टाका असं म्हणणारे कमी नव्हते, आणि केवळ आकडे समोर ठेवले तर त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं. संघाने ठेवला. 2016 ला 75 झेल, 997 यार्ड, 12 टचडाउन. 2020 ला 18 टचडाउन.

मग 2015 मध्ये संघाला दिसलं तरी काय? बंद खोलीत कोण काय बोललं ते मी सांगू शकत नाही. पण त्याच्या पायांकडे बघा. अॅडम्स शाळेत बास्केटबॉल खेळायचा. फुटबॉलही खेळायचा; पालो आल्टोच्या त्याच्या शाळेने 2010 ला फुटबॉलचं राज्य अजिंक्यपद जिंकलं होतं. पुढे लीगभर नावाजली गेली ती त्याची रेषेवरून सुटण्याची हातोटी, जागच्या जागी दोन-तीन पावलं टाकून कॉर्नरबॅकला चुकीच्या पायावर आणण्याची. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण या धंद्यात शब्दशः घ्यायला हरकत नाही. घोटा बरा झाल्यावर पाय परत येतात. जे मुळात नव्हतं ते येत नाही, किंवा फार सावकाश येतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे झेल सुटले तरी काही बिघडत नाही? बिघडतं. मी वॉटसन आणि अॅडम्सची उदाहरणं दिली आणि ती सोयीची आहेत. गैरसोयीचं उदाहरण डाँटेव्हियन विक्स. 2023 ला पाचव्या फेरीत आलेला, व्हर्जिनिया विद्यापीठाचा. रूट इतके स्वच्छ, की पाचव्या फेरीचा वाटत नाही. पहिल्याच वर्षी 39 झेल आणि 581 यार्ड. दुसऱ्या वर्षीही तो मोकळा होत होता. पण झेल सुटायचं प्रमाण वाढलं आणि ही खोड त्याच्या विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षीही दिसली होती. इथे फिल्म थांबवून बारकाईने बघावं लागतं. चेंडू हातात बसायच्या आधीच डोळे पुढच्या धावेकडे वळले का? की हात उशिरा वर आले आणि चेंडू छातीवर आदळला? की बचावाचा हात मध्ये आला? पहिला दोष सरावाने जातो. दुसरा हट्टी असतो. तिसऱ्याला मी दोष म्हणतच नाही. तक्त्यात मात्र पहिल्या दोघांची नोंद अगदी सारखी.

विद्यापीठातून आलेल्या मुलाबाबत आणखी एक घोटाळा होतो. तिथे त्याला जे करायला सांगितलं होतं, तेवढंच त्याला येतं असं आपण धरून चालतो. 2019 मध्ये एलएसयूकडून, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून जस्टिन जेफरसनने 111 झेल घेतले, पण बहुतेक वेळ तो स्लॉटमध्ये, म्हणजे कडेला न राहता आतल्या बाजूला उभा होता. तिथे रेषेवर अंगावर येणारं कुणी सहसा नसतं. त्यामुळे बाहेर उभं केलं तर याला जमेल का, ही शंका निघाली. 2020 च्या ड्राफ्टमध्ये 21 व्या क्रमांकावर फिलाडेल्फिया ईगल्सनी जेलन रेगरला घेतलं. पुढचीच निवड व्हायकिंग्जची. त्यांनी जेफरसन उचलला. पहिल्या वर्षी त्याचे 1400 यार्ड झाले. दोन वर्षांनी ईगल्सनी रेगरला देवघेवीत दिलं तेव्हा त्याला घेतलं कुणी? व्हायकिंग्जनीच. शंका विचारण्यात काही चूक नव्हती. पण त्याने बाहेर उभं राहून काय केलं याची फिल्म थोडी होती, म्हणून ते त्याला येत नाही असा निष्कर्ष निघत नाही. उलटंही तितकंच खरं. विद्यापीठात एक पाय मैदानात टेकला की झेल धरतात, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. कडेवरचे अर्धे चमत्कार तिथेच बाद होतात.

आता खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते आणि बचावापासून तो किती यार्ड सुटला याचा आकडा मिळतो. उपयोगाचा आकडा आहे, मी बघतो. फक्त छोट्या रूटवाल्यांचा तो फुगतो आणि लांब धावणाऱ्यांचा आखडतो, त्यामुळे दोघांची सरासरी शेजारीशेजारी लावून भांडण करू नका.

2023 मध्ये रॉजर्सही गेला. क्वार्टरबॅकच्या जागी जॉर्डन लव्ह आला आणि त्याच्यासमोर सगळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे रिसीव्हर. दुसऱ्या फेरीतल्या जेडन रीडने 64 झेल घेऊन पॅकर्सच्या नवख्यांचा स्टर्लिंग शार्पने 1988 मध्ये केलेला विक्रम मोडला. डब्सने डॅलसमधल्या प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या सामन्यात 151 यार्ड काढले आणि पॅकर्स 48-32 ने जिंकले. इथे पारख करणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. चार चांगले असले की चेंडू चौघांत वाटला जातो आणि कुणाचाच आकडा मोठा दिसत नाही. एखाद्याचे 40 झेल हे त्याच्या कुवतीमुळे की वाटणीमुळे, हे पुन्हा फिल्ममध्येच शोधावं लागतं. आणि घाईही असते. नवख्याचा करार चार वर्षांचा. तिसरं वर्ष संपलं की एजंट दारात उभा.

फळीच्या तळाशी तर मापच वेगळं. बो मेल्टनला सिएटलने सातव्या फेरीत घेतलं होतं; पॅकर्सनी त्याला तिथल्या सराव पथकातून आणलं. 2023 च्या 31 डिसेंबरला, बाकीचे जखमी असताना, त्याने मिनेसोटात सहा झेल घेऊन 105 यार्ड केले. तरी पुढच्या वर्षी त्याची जागा पक्की झाली असं नाही. कारण पाचवा-सहावा रिसीव्हर सामन्यात किती वेळा चेंडू बघतो? त्याला संघाच्या 53 जणांत बसवायचं ते पंटच्या, म्हणजे पायाने लांब मारलेल्या चेंडूच्या मागे धावण्यासाठी, चेंडू घेऊन धावणाऱ्याची वाट मोकळी व्हावी म्हणून बचावाला अडवून धरण्यासाठी आणि कुणी पडला तर सगळ्या जागांचे रूट पाठ असावेत म्हणून. 2025 ला पॅकर्सनी मॅथ्यू गोल्डनला पहिल्या फेरीत घेतलं. 2002 नंतर पहिल्या फेरीत घेतलेला हा त्यांचा पहिलाच रिसीव्हर. गर्दी आणखी वाढली. त्या उन्हाळ्याच्या शिबिरात मेल्टन पलीकडच्या बाजूला, कॉर्नरबॅकच्या जागी सराव करताना दिसला.